न उसवणारं कापड

कापलं तरी दोरा सुटत नाही! सरळ कापा, तिरकं कापा, सात वर्षांच्या पोराच्या हाती बोथट कात्री देऊन कुरतडून घ्या, कड जशी कापली तशीच राहते. दुमड घालायला नको, ओव्हरलॉक नको, पिको नको. उभा धागा नाही, आडवा धागा नाही, सुलट बाजू नाही की उलट बाजू नाही. शिवून झाल्यावर उलटवायचंसुद्धा नाही. बाहेरूनच कडेकडेनं शिवत जायचं, आत कापूस कोंबायचा, तोंड बंद करायचं, झालं खेळणं! हे कापड इतकी वर्षं स्टेशनरीच्या दुकानात, चार्टपेपर आणि थर्माकोलच्या मधल्या फळीवर माझ्या नाकासमोर पडून होतं आणि मला कुणी सांगितलं कसं नाही?

फेल्ट म्हणतात त्याला. धाराशिवात गॅदरिंगच्या आधीच्या आठवड्यात दुकानांत झुंबड उडते, कुणाला वाघाचे कान हवे असतात, कुणाला ससुल्याची शेपटी, तेव्हा हे रंगीत तुकडे खपतात आणि मग वर्षभर त्यांच्यावर धूळ बसते. आमच्या भाचीच्या शाळेतल्या नाटकानंतर उरलेले चार तुकडे घरात लोळत होते. मे महिना, बाहेर ऊन असं की दुपारी बारा ते चार पोरांना दारात उभं करायची सोय नाही, वरून लाइट गेलेली. भाची कंटाळून म्हणाली, ‘आत्या, ह्याचं कायतरी करू की.’ मी कात्री घेतली, एक गोल कापला, आणि कडेला नखानं ओढून बघितलं. धागाच निघेना. ती कड मी किती वेळ ओढत बसले कुणास ठाऊक.

ज्यानं कधी ब्लाउजपीस कापलाय त्यालाच यातली गंमत कळेल. आमच्या पिढीला शिवण म्हणजे आधी मापं, मग मार्जिन, मग कच्चा दोरा, मग पक्की शिलाई, मग कच्चा दोरा उसवा, आणि एवढं करून आतल्या कडा विस्कटू नयेत म्हणून पुन्हा सगळं फिरून शिवा. सहा वर्षांचं मूल यातल्या पहिल्या पायरीवरच उठून पळतं, आणि पळावंच. फेल्टमध्ये या सगळ्या पायऱ्या गायब! वाकडा टाका घातला तर टाका वाकडा दिसतो, बस. खेळणं उलगडत नाही. लहान मुलाचं काम तगून राहतं, संध्याकाळपर्यंत टिकतं, बापाला दाखवता येतं. यापेक्षा मोठं काही मला गेल्या कित्येक वर्षांत सापडलेलं नाही.

एक सूचना इथंच देऊन टाकते, नाहीतर उत्साहात राहून जाईल. दुकानात फेल्टच्या शेजारीच फोमशीट असते. तेच रंग, तोच आकार, जवळजवळ तोच भाव. बोटानं चोळून बघा. लव लागली तर फेल्ट, गुळगुळीत रबरासारखं लागलं तर फोम. फोमला टाके घातले की भोकांच्या रांगेवरच ती फाटते आणि मूल रडतं.

मग मी वाचत सुटले. हे कापड मुळात विणतच नाहीत! मेंढीच्या लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात, डोळ्यांना न दिसणारे. कोमट पाणी, साबण आणि चोळणं हे तिन्ही एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात गेला की आटून जाडजूड होतो, तो याच कारणानं. फेल्ट करणारे तेच मुद्दाम करतात. आपल्याला दुकानात मिळतं ते बहुतेक लोकरीचं नसतं, पॉलिएस्टर किंवा अ‍ॅक्रिलिकचं असतं. त्या तंतूंना खवले नसतात, म्हणून कारखान्यात काटेरी सुयांचा फणा तंतूंच्या थरात वरखाली ठोकत राहतात आणि तंतू एकमेकांत गुंतवतात. म्हणजे आमच्या पोरांनी सुई हातात धरायच्या आधीच या कापडातून हजारो सुया जाऊन आलेल्या असतात, आणि त्यातल्या एकीनंही दोरा नेलेला नसतो!

हे मी तावातावानं घरात सांगत होते. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘मग आपलं जेन काय हाय?’

जेन! माळ्यावर गुंडाळून ठेवलेलं काळपट, जाड, टोचरं जेन, ज्यावर सासरे पोथी वाचायला बसायचे. घोंगडीला माग लागतो, जेनाला लागत नाही. लोकर पिंजायची, तिचे थर पसरायचे, पाणी-साबण मारायचं, गुंडाळायचं आणि हातापायांनी लोळवत, दाबत राहायचं, की त्याचं एकजीव आसन तयार होतं. बुरणूसही असाच, न विणलेला. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर आणि पिंजाऱ्यांचे हात. काश्मिरात आणि राजस्थानात टोंकला त्यालाच नमदा म्हणतात. मी ज्याला चार्टपेपरच्या शेजारची नवलाई समजत होते, त्याचा आजा आमच्याच माळ्यावर झोपला होता. खाली काढलं, झटकलं, आणि सासूबाई ‘अगं, अगं’ म्हणेपर्यंत कोपऱ्याचा बोटभर तुकडा कापला. कड ओढून बघितली. नाही सुटला एकही केस!

दुसऱ्या दिवशी भाचीनं शेजारची पोरं गोळा केली, आणि प्रश्न आला सुईचा.

आपल्याकडे सुई कुठं असते? कालनिर्णयच्या कोपऱ्यात खोचलेली, दोऱ्याचं शेपूट लोंबत असलेली, लहान हात पोचणार नाही अशा उंचीवर. आणि वाक्य ठरलेलं: हात लावू नको, टोचंल. म्हणून पोरगं दहावीला गेलं तरी शर्टाचं तुटलेलं बटण आईसमोर धरतं. मलाही धाकधूक होतीच. शेजारच्या आया पोरं माझ्या ओसरीवर सोडून निवांत झोपणार, आणि एखाद्याच्या डोळ्याला काही झालं तर? पण नुसतं घाबरून बसण्यापेक्षा मी एका कागदावर लिहून काढलं की नेमकं काय काय होऊ शकतं. आणि काय सांगू, त्यात सुईच्या टोकाचा नंबर बराच खाली लागला! खरी भीती सांडलेल्या सुईची, लांब दोऱ्याची, शेजाऱ्याच्या कोपराची, कात्रीची आणि बटणाची. आणि या प्रत्येकावर इलाज आहे, तोही घरातलाच.

तीन-चार वर्षांच्यांना सुई द्यायचीच नाही. त्यांना जुनी लग्नपत्रिका द्यायची, जाड कागदाची, तिला ऑफिसच्या पंचनं भोकं पाडायची आणि बुटाची नाडी द्यायची. नाडीला पुढं प्लास्टिकचं टोक असतंच! फ्रोबेलनं १८३७ मध्ये जर्मनीत बालोद्यान सुरू केलं, त्याच्या उद्योगांत टोचून शिवायची कार्डं होती. आमच्याकडं त्यांच्यावर गणपती आणि ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ छापलेलं आहे, एवढाच फरक.

पाच-सहा वर्षांच्यांना स्वेटर जोडायची सुई. जाड, बोथट, नेढं एवढं मोठं की दोरा मूल स्वतः ओवतं, आणि स्वतः ओवला की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठी तरी ही सुई घ्या. पण बोथट सुई फेल्टमधून सहज आरपार जात नाही आणि मूल जोर लावतं. जोर लावला की हात सटकतो. म्हणून मी आदल्या रात्री जाड पुठ्ठ्यावर दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून दाभणानं भोकं पाडून ठेवते, कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत, आणि दोन भोकांत तेवढंच अंतर. मुलानं फक्त भोक शोधायचं. तुकडे सरकू नयेत म्हणून टाचण्या लावायच्या असतात असं सगळी पुस्तकं सांगतात. टाचण्या कशाला? वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे आहेत की! दोन चिमटे लावले, तुकडा जागचा हलत नाही आणि ओसरीवर सांडायला टाचणीच नाही.

सात-आठच्या पुढं भरतकामाची टोकदार सुई, मोठ्या नेढ्याची. आणि आता मजा बघा, टोकदार सुईनं मुलं कमी धडपडतात. ती अलगद जाते, जोर लावावा लागत नाही. मोठ्यांना हे पटत नाही, पण समोर बसून बघितलं की पटतं.

दोरा खांद्यापासून मनगटापर्यंत, त्याहून बोटभरही लांब नाही. त्या मुलाच्या खांद्यापासून, माझ्या नव्हे! दोरा लांब असला की मूल तो पूर्ण ओढताना हात फेकतं आणि सुई शेजारच्याच्या गालापाशी पोचते. दुहेरी ओवून दोन्ही टोकांची मिळून गाठ मारायची, म्हणजे सुई दोऱ्यातून निसटून जमिनीवर पडत नाही. बसायचं अर्धगोलात, हात पसरून शेजाऱ्याला लागणार नाही इतकं लांब. डावखुरं मूल अर्धगोलाच्या डाव्या टोकाला, म्हणजे कोपराला कोपर भिडत नाही. मांडीवर ठेवून शिवायचं नाही, समोर पाट घ्यायचा, कारण मांडीवर शिवणारं मूल हमखास खेळणं स्वतःच्या फ्रॉकला शिवून टाकतं आणि उठताना कळतं. सुई वर निघाली की ती ‘आभाळाकडं’ न्यायची, शेजाऱ्याकडं नाही. ही घोषणा पोरांनी इतकी उचलली की आता गल्लीत क्रिकेट खेळतानाही कुणीतरी ओरडतं, ‘सुई आभाळाकडं!’

वीस-पंचवीस मिनिटांनी सगळ्यांनी हात झटकायचे, पाणी प्यायचं. आमच्या उन्हाळ्यात हाताला घाम येतो, सुई बोटांतून फिरते, आणि टोचायचं ते दमल्यावरच टोचतं. टोचलंच तर साबण-पाण्यानं धुवायचं, थोडा वेळ दाबून धरायचं. हळद-कुंकू काही भरायचं नाही. ती सुई बाजूला काढायची, दुसऱ्या मुलाला द्यायची नाही. आणि सुरू करण्याआधी आयांना एक विचारून घ्यायचं, धनुर्वाताच्या लसी झाल्यात ना? ५-६ वर्षांचा डीपीटीचा बूस्टर आणि १० व्या वर्षाची टीडी, या दोन बऱ्याचदा राहून गेलेल्या असतात. आमच्या गल्लीतल्या दोघांच्या राहिल्याच होत्या. शिवणकामामुळं लसीकरण झालं!

आता सांडलेली सुई. प्रत्येक सुईला लाल लोकरीचं शेपूट, देताना मोजायची, घेताना मोजायची, मोजणी जुळल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एखादी नाहीच सापडली तर जुन्या स्पीकरचं चुंबक काठीला बांधून ओसरीभर फिरवायचं. ते काम मोठ्यांचं. आणि मधल्या वेळात सुई ठेवायची कुठं? तोंडात नाही, कपड्याला खोचून नाही, सतरंजीवर तर नाहीच. सुईला घर पाहिजे. इथं मला मार्गारेट श्टाइफ भेटली आणि मी अक्षरशः उभी राहिले.

जर्मनीतल्या गिंगेन गावची ही बाई, जन्म १८४७. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, पाय गेले, उजवा हात अधू. चाकाच्या खुर्चीतून ती शिवण शिकली; शिलाई मशीनचं चाक उजव्या हाताला जमेना, म्हणून तिनं मशीन उलटं फिरवून ठेवलं आणि डाव्या हातानं चालवलं. १८७७ मध्ये तिनं फेल्टच्या कपड्यांचं दुकान काढलं. मग १८८० मध्ये एका मासिकातला नमुना बघून तिनं फेल्टचा छोटा हत्ती शिवला. कशासाठी? टाचण्या खोचायला! टाचण्यांची उशी म्हणून. आणि बायकांनी घेतलेले ते हत्ती पोरांनी पळवले आणि खेळायला घेतले. जगभरात आज जो मऊ खेळण्यांचा एवढा मोठा धंदा आहे, तो ज्या कारखान्यांतून वाढला त्यांतला एक पहिला कारखाना या टाचणीउशीतून निघाला. टेडी अस्वलं त्याच घराण्यानं १९०२ नंतर केली.

मला हे वाचून आनंद झाला आणि पुढच्याच क्षणी पोटात गोळा आला. टाचण्यांची उशी प्राण्याच्या आकाराची, आणि पोरं ती खेळायला पळवतात! म्हणून आमच्या ओसरीवरचा पहिला धडा ठरला: प्रत्येकानं सुईचं घर शिवायचं, आणि ते कुठल्याही प्राण्यासारखं, फळासारखं, चेहऱ्यासारखं दिसता कामा नये. लाल, चौकोनी, कंटाळवाणं. चार सरळ बाजू, एक धावदोरा, आत लोकरीचे उरलेले तुकडे. ते माझ्या डब्यात राहतं, घरी जात नाही. मुलांचा पहिला टाका त्यातच शिकून होतो, वाकडातिकडा झाला तरी कुणाला दाखवायचा नसतो, आणि शिकता शिकता सुरक्षिततेचं साहित्य त्यांच्या स्वतःच्या हातानं तयार झालेलं असतं. मार्गारेटबाई, मी तुमचा हत्ती सुयांपासून सोडवला!

दुसऱ्या धड्याला मी पुस्तकातले नमुने काढले. पेंग्विन, घुबड, कोल्हा, युनिकॉर्न. पोरांनी बघितलं, आदरानं पानं उलटली, आणि एकजण म्हणाला, ‘काकू, आपण शेळी करू का?’

झालं. पेंग्विन तिथंच वारला. सगळ्यांना शेळी पाहिजे. आणि कुठलीही शेळी नाही, काळी, लोंबत्या कानांची, उंच पायांची उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळीच्या जातीचं नाव तेच राहिलं, आणि या शेळ्यांत काळ्याच बहुसंख्य. या पोरांना शेळी पाठ आहे! आठ वर्षांचा मुलगा मला सांगतो की कान तिथून नाही, शिंगाच्या खालून निघतात. पाठीची रेषा कुठं बसते, पोट कुठं फुगतं, शेपूट वर कधी असते. मी त्यांना आकार काढून देणार होते. त्यांनी माझा आकार खोडला. पुस्तकातल्या कोल्ह्याला डोळे कुठंही चालतात, कारण कोल्हा कुणी जवळून बघितलेला नसतो. शेळीचा डोळा अर्धा सेंटिमीटर सरकला तर ‘ही आमची न्हाई’ म्हणतात.

आणि मग तेर! भाचीला संग्रहालय दाखवायला नेलं होतं, तर ओसरीवरची दोघं-तिघं बरोबर आली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं तेरच्या पांढरीतून वेचलेल्या वस्तूंचं हे शासकीय संग्रहालय. तेर म्हणजे जुनं तगर; पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ते पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलंय आणि तिथून भडोचच्या बंदराकडं गाड्यांनी काय जायचं तर साधं जाडंभरडं कापड आणि मलमल. कापड! आमच्या जिल्ह्यातून दोन हजार वर्षांपूर्वी! मी या वाक्यापाशीच अडकले होते, तेवढ्यात एका मुलीनं मला मातीच्या छोट्या मूर्तींच्या कपाटापाशी ओढलं. सातवाहन काळातल्या त्या मूर्ती, काही पांढऱ्या केओलिनच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या. म्हणजे पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, आणि दोन्ही कडेनं जोडायच्या, मध्ये पोकळी. ती मुलगी काचेला नाक लावून म्हणाली, ‘काकू, ही पण दोन तुकड्यांचीच हाय की! फकस्त कापूस भरायचा राह्यलाय.’

मी काय बोलणार? पुढचा तुकडा, मागचा तुकडा, कडेनं जोड, आत पोकळी. तेरच्या कारागिरानं आणि आमच्या ओसरीवरच्या पोरीनं एकाच युक्तीनं बाहुली केली, आणि ते तिला माझ्याआधी दिसलं.

डोळ्यांचं मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. पोरांना मणी हवे होते, बटणं हवी होती, एकानं तर तुळजापूरच्या माळेतली सुटलेली कवडी आणली, आणि खरं सांगते, शेळीच्या डोक्यावर ती काय शोभली! पण या पोरांच्या घरी पाळण्यातली भावंडं आहेत आणि खेळणं शेवटी त्यांच्याच तोंडात जाणार. आपल्याकडं खेळण्यांसाठी आयएस ९८७३ हे मानक आहे आणि १ जानेवारी २०२१ पासून बाजारातल्या खेळण्यांना त्याप्रमाणं आयएसआयची खूण सक्तीची झाली. त्यात तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची एक चाचणी आहे: ३१.७ मिलिमीटर व्यासाचा एक छोटा नळा, आणि त्यात जो सुटा भाग पूर्ण मावेल तो धोक्याचा, कारण तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे. म्हणजे नाणंसुद्धा मावतं, मग शर्टाचं बटण, मणी आणि कवडीची काय कथा! घरच्या ओसरीला कायदा लागत नाही, पण घसा तोच असतो. म्हणून डोळे दोऱ्याचेच, चार टाके एकावर एक आडवे-उभे. शिंगं फेल्टचीच, शिवणीत आतपर्यंत घेतलेली, वरून चिकटवलेली नाहीत. आणि खेळणं घरी जाण्याआधी मी प्रत्येक कान, प्रत्येक पाय पूर्ण ताकदीनं ओढून बघते. पोरं श्वास धरून बसतात. टिकलं की टाळ्या.

भरायला कापूस. सासूबाईंनी ज्वारी सुचवली होती, शेळीला वजन येईल, उभी राहील म्हणून. पण शिवण फाटली की दाणे लहानग्याच्या हाती, आणि त्याआधी त्यात किडे. जुन्या उशीचा कापूस उन्हात तापवून हातानं पिंजून घेतला की छान होतो. कोंबायला पेन्सिलची मागची बाजू, आणि आधी पाय, मग तोंड, पोट शेवटी.

कात्रीसाठी एकच टेबल, एकच मोठं माणूस, यावर जास्त काय लिहायचं. गरम गोंदाची पिस्तूल आमच्याकडं नाहीच. हां, दुकानातलं फेल्ट प्लास्टिकच्या धाग्याचं, चुलीजवळ गेलं तर वितळून कातडीला चिकटतं, म्हणून शेळ्या स्वयंपाकघरात चरायला नेत नाहीत.

मुलगे यायला लागले ते शेळीमुळं. आधी दोघं नुसते कठड्यावर बसून हसायचे, शिवणं पोरींचं काम म्हणून. मी म्हटलं, नामदेव महाराज कोण होते रे? शिंपीच ना! तेरला गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची मडकी तपासली ती गोष्ट इथं शेंबड्या पोराला माहीत आहे, आणि कच्चं मडकं कोण ठरलं हेही. एकजण म्हणाला, ‘पण नामदेव तर कच्चं निघालं!’ म्हटलं, शिवण्यात नव्हे! तो बसला. आता ओसरीवरची सगळ्यात बारीक टाक्यांची शेळी त्याची आहे आणि तो ती कुणाला हातात देत नाही.

आणि मग आज्या आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. दुपारी नातवंडांना न्यायला यायच्या, उंबऱ्यावर टेकायच्या, आणि पाहता पाहता हात पुढं यायचा: ‘आण इकडं, असं न्हाई.’ आयुष्यभर वाकळ शिवलेल्या बायका. जुन्या लुगड्यांचे थर, आणि कडेपासून आत आत येणारा धावदोरा, ओळीला समांतर ओळ, खडूची खूण नाही, पट्टी नाही. त्यांचं बोट टाक्याचं अंतर डोळे मिटून मोजतं. मी भोकं पाडून, सेंटिमीटर मोजून शिकवत होते आणि या बाया नातवाचा हात हातात धरून दोन टाके घालतात आणि तिसरा त्याचा त्याला जमतो! एकीनं मला काजटाका शिकवला, कडेला फासा घेत जाणारा. तो घातला की फेल्टची शिवण अशी बांधीव दिसते की दुकानातली वाटावी. मोठ्या पोरांना आता तोच हवा असतो.

ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांबरोबर १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढं १९५७ पासून कोसबाडला, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून आदिवासी पाड्यांवर जे मिळेल ते घेतलं: शंख-शिंपले, बिया, पानं. पूर्वी हे वाचलं तेव्हा मला ते काटकसरीचं वाटलं होतं. आता वाटतं, त्यांना ठाऊक होतं की ओळखीची वस्तू हातात आली की मूल आपल्याला शिकवायला लागतं. शाळांत ‘कार्यानुभव’ नावाचा विषय असतो आणि त्यात बहुतेकदा घोटीव कागदाची फुलं होतात. अहो, एक तास फेल्ट देऊन बघा! वर्गातल्या पोरांच्या दोन आज्या बोलवा, चिमटे आणा, सुया मोजा. पन्नास पोरांना एका गुरुजींनी सुया वाटाव्या असं मी मुळीच म्हणत नाही, सहा-सात पोरांमागं एक मोठं माणूस हवंच. बाकीच्यांना लग्नपत्रिका आणि नाड्या.

सध्या एकच अडचण आहे, काळं फेल्ट संपलंय. गावातल्या दुकानात गेले तर मालक म्हणाले, ‘ताई, काळं कुणी नेत न्हाई म्हणून मागवत न्हाई. गुलाबी घ्या, लई खपतं.’ गुलाबी शेळी करता का म्हणून मी ओसरीवर विचारून बघितलं. सगळे गप्प. शेवटी एकजण माझी दया येऊन म्हणाला, पिल्लू असंल तर करू, पण त्याला पांढरं पाहिजे, गुलाबी पिल्लू मरतंय. तेव्हा तुमच्यापैकी कुणी सोलापूरला निघालं असेल तर काळ्याचा अख्खा गठ्ठा घेऊन या, पैसे रोख देते. आणि थोडं पांढरं.